विकलेली शीव

भूगोलाच्या अभ्यासक्रमात तेव्हा एक प्रकरण होते: ‘नागरीकरण – कारणे व परिणाम’. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी ते दरवर्षी शिकवीत असे. शिकवीत असे म्हणण्यापेक्षा उतरवून देत असे म्हणणे अधिक खरे. वर्गाकडे न पाहता बोलता यावे म्हणून मी टिपणांचा आधार घेई, आणि माझ्याकडे न पाहता लिहिता यावे म्हणून विद्यार्थ्यांनाही ती पद्धत पसंत होती. फळ्याच्या मधोमध मी एक उभी रेघ ओढी. डावीकडे कारणे: अवर्षण, शेतीतील अनिश्चितता, गिरण्या व कारखाने, शिक्षणाची ओढ. उजवीकडे परिणाम: घरटंचाई, पाणीटंचाई, शेतजमिनीचा ऱ्हास. रेघ नेहमी सरळ येई. माझ्या अध्यापनाविषयी मतभेद होऊ नयेत अशी तेवढी एकच गोष्ट होती.

‘अवर्षण’ हा शब्द खाली मान घालून लिहून घेणाऱ्यांमध्ये अशीही मुले असत, ज्यांच्या आईबापांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि पुढे तोच रस्ता धरून ती शहरात आली होती. ‘शिक्षणाची ओढ’ लिहून घेणारे बहुधा अकलूज-माळशिरसकडचे असत. त्यांच्याकडे कालव्याचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून ‘पोराला सोलापुरात ठेवू’ हा विचार आला. मी स्वतः त्याच भागातला. म्हणजे पाणी नव्हते ते पोटासाठी आले, पाणी होते ते पदवीसाठी आले, आणि दोघांनी मिळून शहराच्या नळाला रांग लावली. हे वाक्य मला आता, निवृत्तीनंतर लिहायला बसल्यावर सुचते आहे. तेव्हा सुचले असते तरी ते रेघेच्या कोणत्या बाजूला लिहावे, हे ठरविण्यात तास संपला असता.

सात रस्ता चौकातून दक्षिणेकडे निघणारा एक रस्ता शहर मागे टाकून एका वाडीत शिरे. त्या वाडीत मी खोली भाड्याने घेतली होती. ‘शहर मागे टाकून’ हे मी तेव्हाच्या समजुतीप्रमाणे लिहितो. घरमालक साठी ओलांडलेले शेतकरी होते. वाडी त्यांना अप्पा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला मास्तर म्हणत. मी प्राध्यापक असल्याचे एकदा चाचरत सुचविले, तेव्हा त्यांनी ‘म्हंजे मास्तरच की’ असा निर्वाळा दिला आणि तो विषय संपला. ते घरात कानडी बोलत, अंगणात मराठी, आणि बैलांशी दोन्ही. मी राहायला गेलो तेव्हा बैल विकले गेले होते, त्यामुळे ही तिसरी माहिती त्यांच्या पत्नी अव्वा शेजारणीला सांगत असताना माझ्या कानावर पडली.

बैल विकले गेले कारण रान विकले गेले होते. दुष्काळात सलग दोन हंगाम ज्वारीचा दाणा घरात आला नाही, आणि नेमक्या त्या दिवसांत सरकारी नोकरांच्या एका गृहनिर्माण संस्थेची मंडळी मोटारीतून जागा पाहत फिरत होती. जी जमीन फुकट कसायला दिली तरी कुणी घेतली नसती, ती मिळावी म्हणून चष्मेवाली माणसे आपल्या ओट्यावर बसून पाणी पितात, हा प्रकार अप्पांना दैवी वाटला असावा. त्यांनी रान दिले. अट एकच घातली: बांधावरच्या बन्नीला हात लावायचा नाही.

बन्नी म्हणजे शमी. वाडीची शीव जिथे संपे तिथेच, अप्पांच्या रानाच्या शेवटच्या बांधावर, ते झाड उभे होते. दसऱ्याच्या तिसऱ्या प्रहरी सारी वाडी हलगी वाजवीत शीव ओलांडायला, म्हणजे शिलंगणाला, तिथवर जाई, झाडाची पूजा होई, आणि पहिले पान अप्पांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने तोडायचे. मग इतरांनी झाडावर तुटून पडायचे आणि ते सोने एकमेकांना वाटीत घरी परतायचे. अप्पांकडे सरपंचपद नव्हते, पाटीलकी नव्हती. हा एक मान होता. वर्षातील उरलेल्या दिवसांत ते इतर चारचौघांसारखेच असत, आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे, कारण दसरा येणारच असे.

चष्मेवाल्यांनी अट मान्य केली आणि पाळलीही. नकाशात झाड ‘मोकळी जागा’ या सदरात आले. त्याला सिमेंटचा पार बांधला गेला, बाजूला दोन बाके आली, संध्याकाळी पेन्शनर तिथे बसून रक्तदाबाविषयी बोलू लागले. अप्पा समाधानी होते. झाड तर राहिलेच होते. फक्त शीव त्याच्या बुंध्यापाशी राहिली नव्हती. ती पुढे कुठेतरी निघून गेली होती, आणि हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

लक्षात आले ते कॉलनी वसल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला. वाडीची मिरवणूक दोन बाजूंच्या कुंपणभिंतींमधून हलगी वाजवीत निघाली, तेव्हा एका गॅलरीतून एका बाईंनी खाली वाकून हलक्या आवाजात विचारले, “कोण गेलं हो?” पुढच्या हलगीवाल्याने वर पाहून सांगितले, “कोन न्हाय गेलं बाई. आमीच चाललोय.”

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी कॉलनीचे अध्यक्ष स्वतः अप्पांकडे आले. निवृत्त अधिकारी, अत्यंत सभ्य गृहस्थ. ओट्यावर टेकत ते म्हणाले, “यंदा आम्ही बन्नीखाली दसरा संमेलन ठेवलंय, अप्पा. लाउडस्पीकर सांगितलाय. तुम्ही यायचंच. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.”

“येतो की,” अप्पा म्हणाले. “पैलं पान तोडायला कदी येऊ?”

अध्यक्षांनी रुमालाने चष्मा पुसला. “पहिलं पान प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ठरलंय. म्हणजे कसं आहे, जागा आता सोसायटीची. ज्याची जागा त्याचा मान, असं कमिटीत ठरलं. आपण वाईट वाटून घेऊ नका. खुर्ची अगदी मधली ठेवतो.”

अध्यक्ष गेल्यावर अव्वा आतून आल्या. त्या उंबऱ्याच्या आत कमी बोलत आणि बाहेर मोजके बोलत, पण ते मोजके बहुधा अप्पांच्या वाट्याला येई.

“रान इकलं, संगं शीव पन इकली. आता खुर्चीवर बसून बगा, दुसरा पान कसा तोडतोय त्ये.”

“झाड इकलं न्हाय मी.”

“झाड हवेत हाय व्हय?”

त्या रात्रीचे जेवण अप्पांनी अर्ध्यावर टाकले, असे मला भिंतीपलीकडून समजले. सकाळी ते माझ्या दारात उभे होते.

“मास्तर, तुमी भूगोल शिकवता न्हवं?”

मी होकार दिला, पण हा प्रश्न कुणीही विचारला की मला होणारा संकोच तेव्हाही झाला.

“मग सांगा, शीव कुटं हाय? ह्या झाडापाशी न्हाय, त्ये आमाला कळलं. पन कुटंतरी आसंल की. जितं आसंल तितं जातो, बन्नीची फांदी रोवतो, पूजा करतो. आपल्या सोन्याला कुणाच्या मायकाची गरज न्हाय.”

झाड जवळ नसेल तर फांदी रोवून पूजा करण्याची रीत होतीच. अडचण फक्त जागेची होती. मी जमेल तितके नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न केला. म्हणालो, शहराची सीमा तीन प्रकारे ठरविता येते: प्रशासकीय दृष्टीने, वस्तीच्या दाटीवरून, आणि लोकांच्या व्यवसायावरून, या तिन्ही सीमा एकमेकींशी जुळतीलच असे नाही, शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या बाबतीत—

“म्हंजे ठावं न्हाय,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. “मग हुडकूया. तुमी संगं या.”

नाही म्हणण्यासाठी जो सलग दम लागतो तो माझ्यापाशी कधीच नव्हता. त्याच वर्षी आमच्या महाविद्यालयातील काही प्राध्यापकांनी गृहनिर्माण संस्था काढायचे ठरविले, तेव्हाही मी याच कारणाने सभासद झालो होतो. सभेत नाही म्हणायचे तर उभे राहावे लागले असते. जागा दक्षिणेला, जकात नाक्याच्या पुढे कुठेतरी ठरली आहे आणि कागदपत्रे व्हायची आहेत, एवढेच मला ठाऊक होते. मी ती पाहिली नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, बाके रिकामी असताना, अप्पांनी बन्नीची एक हिरवीगार फांदी उतरवून आणली. दुपारी वाडी निघाली. कॉलनीच्या बाजूने ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ ऐकू येत होते. हलगीवाल्यांनी त्यावर मात करण्याचा प्रयत्न केला आणि काही अंतरापर्यंत ते यशस्वी झाले.

पहिला मुक्काम जकात नाक्यावर झाला. शहरात येणाऱ्या मालावर जकात घेणारा नाकेदार आडवा बांबू धरून बसला होता. अप्पांचा हिशेब सरळ होता: नाक्याच्या आत शहर, नाक्याच्या बाहेर शीव.

“काय न्हेताय अप्पा, सरपन?” नाकेदाराने विचारले.

“भाईर न्हेतोय. भाईर न्ह्यायला जकात लागती व्हय?”

“आता न्हाय. येताना सोनं आनाल, तवा बगू!”

सगळे हसले. अप्पाही हसले, आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. “ह्या बांबूच्या पलीकडं शहर न्हाय न्हवं?”

“कागदावर न्हाय,” नाकेदार म्हणाला. “पन नाका हलतोय आता पुढं. ती बगा, खोली बांदाय घेतलीया.”

दूर रस्त्याच्या कडेला विटांची अर्धवट खोली दिसत होती. मिरवणुकीत कुजबूज झाली. कुणी म्हणाले, आज तर नाका हितंच हाय; कुणी म्हणाले, वरीसभरात पुन्हा तेच दुखणं. अप्पांनी फांदी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “पुढं चला. कच्च्या शिवंवर पूजा नगं.”

नव्या खोलीच्या पलीकडे मोकळे रान लागेल अशी सर्वांची अपेक्षा होती. लागल्या त्या पत्र्या-पोत्यांच्या झोपड्या. दुष्काळात कामासाठी आलेली आणि पाऊस पडल्यावरही न परतलेली माणसे तिथे राहत होती. हलगी ऐकून ती बाहेर आली. एका प्रौढ बाईने पदर खोचत विचारले, “शिलंगनाला निगालाव व्हय? आमी येऊ का?”

“तुमचं गाव कुटलं?” अप्पांनी विचारले.

“तिकडं मंगळवेड्याकडं. आमची शीव ऱ्हायली तितंच. म्हटलं, सनाला तुमची घ्यावी जरा.”

“घ्या की,” अप्पा म्हणाले. “घावली तर निम्मी तुमची.”

ती माणसेही मिरवणुकीत आली. पण घरे लागली म्हणजे शहरच लागले, या न्यायाने पुन्हा पुढे जाणे आले. पुढे यंत्रमागांची एक शेड होती. दारावर झेंडूचे तोरण होते आणि आतले माग पूजेसाठी बंद होते, त्यामुळे त्या परिसरात त्या दिवशी विलक्षण शांतता होती. दारात उभ्या विणकरांनी आपसांत तेलुगूत काही म्हटले आणि आम्हाला नमस्कार केला. आम्ही नमस्कार करून तेही मागे टाकले. मिरवणुकीचा वेग आता उत्सवाला शोभेल त्याहून जास्त झाला होता. लहान मुले ‘अप्पा, आली का शीव?’ असे विचारू लागली होती, आणि एका म्हाताऱ्याने जाहीर केले की असेच चालत राहिलो तर विजापूरचेच सोने लुटावे लागेल.

शेवटी उजाड रान लागले. आणि त्याच वेळी समोरून हलगी ऐकू आली.

पलीकडच्या गावाचे शिलंगण आमच्याच दिशेने येत होते. सर्वांत पुढे त्या गावचे पाटील, खांद्यावर आमच्यासारखीच फांदी. दोन मिरवणुका समोरासमोर थांबल्या, आणि दोन्हीकडच्या हलग्या एकेक करून बंद पडल्या.

“रामराम पाटील,” अप्पा म्हणाले. “तुमच्या रानात पूजा करतो म्हटलं. चालंल न्हवं?”

“आमचं रान?” पाटील चकित झाले. “आमची शीव मागं लिंबापाशी संपली की. आमीच शीव वलांडून तुमच्या रानात आलोय.”

“आमचं न्हवं ह्ये. आमची वाडी व्हती तितंच हाय.”

“व्हती तितंच हाय, तर सोलापूर हितवर कसं आलं? तुमच्या खांद्यावर बसून?”

शिवेच्या वादात डोकी फुटल्याच्या हकिगती मी लहानपणी ऐकल्या होत्या. त्या सर्वांत प्रत्येक बाजूचे म्हणणे ‘हे रान आमचे’ असे असे. दोन गावे समोरासमोर उभी राहून ‘आमचे नव्हे, तुमचेच’ असा आग्रह धरीत आहेत, हे दृश्य माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. पण त्यांचे खरे होते. शीव ओलांडायची तर पलीकडची जमीन दुसऱ्याची असावी लागते, आणि त्या दुपारी ते दुसरेपण घ्यायला कुणीच तयार नव्हते. आवाज चढू लागले. पाटलांच्या बाजूच्या एकाने अप्पांच्या विकलेल्या रानाचा उद्धार केला. अप्पांच्या बाजूच्या एकाने पाटलांच्या लेकाने वीटभट्टीला दिलेल्या रानाची आठवण करून दिली. दिवस कलत चालला होता.

“आरं, हितं फक्की मारलीया,” कुणीतरी खाली पाहून ओरडले.

जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. चौकोनामागून चौकोन. थोड्या अंतरावर दोन बांबूंवर एक पाटी उभी होती. आमच्यापैकी वाचता येणाऱ्या एकाने ती मोठ्याने वाचली: ‘नियोजित प्राध्यापक सहकारी गृहनिर्माण संस्था’.

अप्पा माझ्याकडे वळले. “परादेपक म्हंजे... मास्तरच की?”

मी मान हलविली. मी सभासद आहे, हेही सांगितले. ते ऐकू न गेल्याने पुन्हा सांगावे लागले. दोन गावांनी माझ्याकडे पाहिले. मग पाटलांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे भाव आले.

“सपलं तर मग! आमचं न्हवं, तुमचं न्हवं, ह्यांचं हाय. दोन्ही गावं शीव वलांडून आली.” आणि पाटील न्यायाने वागणारे गृहस्थ असल्याने त्यांनी पुढे म्हटले, “ज्याची जागा त्याचा मान. पैलं पान मास्तर तोडत्याल.”

ते वाक्य अप्पांनी एका आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. हातातल्या फांदीची पाने अंगठ्याने सारखी करीत राहिले. तिच्या पहिल्या पानासाठी ते इतके चालत आले होते. कॉलनीने मान घेतला तेव्हा निदान रागावता तरी आले होते, इथे तर तो त्यांच्याच भाडेकरूकडे चालला होता.

मला बोलायचे होते. चारचौघांत बोलण्याचा माझ्यापाशी एकच मार्ग होता, तो म्हणजे वर्गात बोलतो तसे, कुणाकडेही न पाहता. मी पाटीकडे पाहून म्हणालो, “संस्था अद्याप नियोजित आहे. तिची नोंदणी झालेली नाही. जमीन बिगरशेती झालेली नाही. खरेदीखत व्हायचे आहे. तेव्हा आज रोजी ही जागा संस्थेची आहे, असे म्हणता येणार नाही.”

“मग कुनाची हाय?” पाटलांनी विचारले.

“ते... निश्चितपणे सांगता येणार नाही.”

अप्पांनी सावकाश मान वर केली.

“आमची न्हाय, तुमची न्हाय, मास्तरची न्हाय,” ते म्हणाले. “मग हीच की शीव.”

चुन्याच्या एका रेघेवर दोन फांद्या शेजारी शेजारी रोवल्या गेल्या. पाटलांनी आपल्या फांदीचे पहिले पान तोडले, अप्पांनी आपल्या. अप्पांचे पान सफाईने निघाले. मग दोन्ही गावे आणि झोपड्यांतली माणसे दोन फांद्यांवर अशी तुटून पडली की क्षणात तिथे दोन काठ्या उरल्या. आखणी करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्या रेघा पुन्हा माराव्या लागल्या असतील. माझ्या शिक्षणाचा समाजाला झालेला तो पहिला प्रत्यक्ष उपयोग होता, आणि तो मला निश्चितपणे काहीच माहीत नसल्यामुळे झाला होता.

परतताना दिवे लागले होते. कॉलनीतले संमेलन आटोपत आले होते. बन्नीला माणसाचा हात पोहोचेल तिथवर एक पान उरले नव्हते. प्रमुख पाहुणे बाहेर पडता पडता दिसेल त्याच्या हातावर सोने ठेवीत होते. अप्पा समोर येताच त्यांनी तसेच एक पान त्यांच्या तळहातावर ठेवले आणि आपुलकीने विचारले, “आपण कोणत्या प्लॉटवर?”

अप्पांनी पानाकडे पाहिले, मग ओळीने उजळलेल्या खिडक्यांकडे.

“आदी सगळ्याच पलाटांवर,” ते म्हणाले.

“छान, छान,” पाहुणे म्हणाले. “पाण्याचा त्रास नाही ना?” आणि उत्तराची वाट न पाहता ते मोटारीकडे गेले.

अव्वा निरांजन घेऊन दारात थांबल्या होत्या. त्यांनी अप्पांना ओवाळले, आणि ताट खाली घेत विचारले, “घावली का शीव?”

“घावली.”

“कुटं?”

अप्पांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “ह्यांच्या रानात. घर बांदनार हाईत तितं.”

“आन् बांदल्यावर?”

अप्पांनी रानातून आणलेले पान अव्वांच्या हातावर ठेवले. पाहुण्यांनी दिलेले अप्पांच्या खिशातच राहिले. अव्वांनी हातावरचे पान डोळ्यांना लावले आणि मग, मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, थेट माझ्याशी बोलल्या.

“मास्तर, जरा दमानं बांदा हां.”

मी हो म्हणालो. नियोजित संस्थेच्या सभासदाला तेवढे वचन देणे मुळीच कठीण नव्हते.